चार नंबरच्या कोर्टावरची सुन-हे

प्यो सुन-हेबद्दल कोणी काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही. स्पर्धांच्या निकालांत बारीक अक्षरांत तिचं नाव कुठे कुठे सापडेल, तेवढंच. मी बस चालवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. लिहिण्याचं मला जमत नाही, आणि तिच्याबद्दल सांगायला माझ्यापेक्षा योग्य माणसं आमच्या मुर्योंग गावात असतीलच. पण ती लिहीत नाहीत, आणि त्या दिवशी चार नंबरच्या कोर्टाच्या कोपऱ्यात कुंपणाच्या जाळीला नाक लावून मीच बसलो होतो. म्हणून लिहितो. कुठे चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करून घ्यावं.

सुन-हे आमच्या बसस्टँडसमोरच्या खानावळीतली मुलगी. तिची आई हाताने कापलेल्या शेवयांचा रस्सा विकायची, अजूनही विकते. आम्ही सगळे ड्रायव्हर दुपारी तिथेच जेवायचो. पोरगी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल. डेपोच्या मागच्या भिंतीवर ती तासन्‌तास चेंडू मारत बसे. रॅकेट कोणाची तरी जुनी होती आणि तिच्या हाताला मोठी होती. एकदा चेंडू माझ्याच बसच्या आरशाला लागला. मी खिडकीतून ओरडणार, तेवढ्यात तिने कमरेतून वाकून नमस्कार केला आणि अगदी अदबीने विचारलं, “काका, बस जरा पुढे घेता का? मला जागा कमी पडतेय.” मी बस पुढे घेतली. का घेतली ते मला अजून सांगता येत नाही.

पुढे ती शाळेच्या संघात गेली आणि शाळा संपल्यावर आमच्या तालुका कचेरीच्या टेनिस संघात लागली. आमच्याकडे बहुतेक खेळाडू असेच कुठल्या ना कुठल्या कचेरीचे नोकर असतात. पगार कचेरीचा, जाकिटाच्या पाठीवर नाव कचेरीचं, आणि वर्षातून एकदा राष्ट्रीय क्रीडा महोत्सवात कचेरीसाठी जीव तोडून खेळायचं. तालुक्याचा सफरचंद मेळा असला की संघाच्या मुलींनी तेच जाकीट घालून तालुक्याच्या प्रमुखांच्या मागे ओळीत उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या. एका मेळ्यात एका म्हातारीने सुन-हेच्या पाठीवरचं नाव वाचून तिला धरलं आणि जमिनीचा दाखला अजून का मिळत नाही म्हणून चांगलं फैलावर घेतलं. सुन-हेने सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सरावाआधी कचेरीत जाऊन त्या दाखल्याची चौकशीही केली. ती अशीच होती.

खेळाडू म्हणून ती मोठी नव्हती. सर्व्हिस साधी, फटक्यात जोर बेताचा. पण तुम्ही मारलेला चेंडू परत यायचा. पुन्हा मारा, पुन्हा परत. समोरची मुलगी कंटाळून चूक करेपर्यंत तो येत राहायचा. आमच्या पहाटेच्या टेनिस क्लबातला औषधवाला ओक म्हणायचा, “या पोरीशी खेळणं म्हणजे माझ्या बायकोशी भांडण. आपण थकतो, ती थकत नाही.”

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सरावाच्या खेळात चेंडू आत पडला की बाहेर, हे वयाने मोठा असलेला सांगतो. असा नियम कुठे लिहिलेला नाही. टेनिसचा नियम तर उलटा आहे: पंच नसेल तर ज्याच्या बाजूला चेंडू पडला त्याने सांगायचं. पण संघात थोरली ताई जाळीच्या कोणत्याही बाजूला असो, रेषा तिची. आमच्या म्हाताऱ्यांच्या क्लबात मी वयाने सगळ्यांत मोठा, त्यामुळे माझे चेंडू आतच पडतात. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की माझा खेळ सुधारतोय असं मी समजत होतो.

सुन-हे शाळेच्या संघात नवी असताना तिने एकदा एका थोरल्या मुलीच्या चेंडूला बोट वर करून आउट म्हटलं होतं. चेंडू बाहेरच होता. त्यानंतर बरेच दिवस कोर्टावरचे सगळे चेंडू एकटीने गोळा करायचं काम तिच्याकडे आलं. कोणी रागावलं नाही, कोणी काही बोललं नाही. सगळ्या निघून जायच्या आणि टोपली तिच्यापाशी राहायची. हे तिने मला फार पुढे, हसत हसत सांगितलं. मग कचेरीच्या संघात ती स्वतः थोरली झाली. तिने कोणाला टोपली उचलायला लावली नाही, उलट धाकट्या मुलींना सरावानंतर रामेनच्या शेवया शिजवून घालायची. पण रेषा तिच्याकडेच राहिली. ती तिने मागितली नव्हती, आणि परतही केली नव्हती.

संघात सगळ्यांत धाकटी बोंग दा-ओन. शाळेतून थेट आली आणि वसतिगृहात सुन-हेच्याच खोलीत तिची सोय झाली. उंच, लांब हातांची, चेंडू असा मारायची की कुंपणामागे बसलेला माणूस मागे सरकावा. पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. तीन वर्षं ती सुन-हेशी रोज खेळली, आणि या तीन वर्षांत सुन-हेच्या एकाही चेंडूला तिने आउट म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती. ते काम ताईंचं.

आमच्या गावात दर ऑक्टोबरमध्ये व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा भरते, पुरुष आणि महिला दोघांची. व्यावसायिक म्हटलं तरी ही त्या जगाची सगळ्यांत खालची पायरी. नदीकाठी निळ्या हार्ड कोर्टांची रांग आहे, तिथे जपान, तैवान, थायलंड, ऑस्ट्रेलिया असे कुठून कुठून तरुण खेळाडू येतात, बसस्टँडजवळच्या लॉजवर राहतात, आणि रस्सा प्यायला सुन-हेच्या आईकडे जातात. तिला त्यांची नावं उच्चारता येत नाहीत. ती त्यांना खाण्यावरून ओळखते. “ती कांदा वेचून काढणारी हरली का गं?” असं विचारते.

या स्पर्धेच्या मुख्य फेरीत सुन-हे कधीच खेळली नव्हती. जगाच्या यादीत तिचा क्रमांक फार मागे. आयोजकांच्या हातात ज्या मोजक्या जागा असतात त्या तरुण मुलींना जातात, आणि त्या तशाच जाव्यात असं तिचंही म्हणणं होतं. राहिली पात्रता फेरी. दरवर्षी ती पात्रता खेळायची आणि शेवटच्या सामन्यात, अगदी दारात, हरायची.

आईने तिला आजवर एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. खानावळ बंद ठेवायला कारण लागतं, आणि पात्रता हे कारण आईला पुरेसं वाटत नव्हतं. ती म्हणायची, “पात्रता म्हणजे अजून चपला काढून दारातच उभं राहणं. आत बोलावलं की सांग, मी दुकान बंद करून येते.” यात टोमणा नव्हता. आईची ती समजूत होती आणि वचनही होतं.

त्या वर्षी सुन-हे चौतीस वर्षांची होती. गुडघ्यांना पट्ट्या बांधल्याशिवाय तिला जिना उतरता येत नसे. महोत्सवानंतर खेळ थांबवते, असं तिने संघाचे कोच मेंग सर यांना सांगून टाकलं होतं. म्हणजे गावातली ही तिची शेवटची स्पर्धा. पहिले दोन सामने ती जिंकली. सोमवारी सकाळी शेवटचा, तो जिंकला की मंगळवारी मुख्य फेरी, मोठ्या कोर्टावर. आईने सुन-हेला न सांगता भाजीवाल्याला सांगून ठेवलं होतं की मंगळवारी रश्श्यात लागणारा मुळा आणू नको, म्हणजे दुकान बंद. हे मला भाजीवाल्याकडून कळलं. सुन-हेलाही त्याच्याकडूनच कळलं असणार.

रविवारी संध्याकाळी कळलं की सोमवारचा तिचा सामना दा-ओनशी आहे. मेंग सरांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला होता. दोघी त्यांच्याच. कोणाला काय सांगणार? त्यांनी दोघींना लवकर झोपा म्हणून सांगितलं आणि निघून गेले.

त्या संध्याकाळी दोघी खानावळीतच जेवल्या. ओक आणि मी शेजारच्या टेबलावर होतो. दा-ओनने नेहमीसारखं सगळ्यांना पाणी ओतलं, सफरचंद सोलून सुन-हेपुढे सरकवलं. आईने पातेल्याजवळून विचारलं, “उद्या तुम्ही दोघी एकमेकींशी ना? मग रस्सा कोणाला जास्त वाढू?”

“मला,” सुन-हे म्हणाली. “मी म्हातारी आहे.”

“ताईंनाच वाढा,” दा-ओन खाली बघत म्हणाली.

सगळे हसले. मीही हसलो.

सोमवारी सकाळी कोर्टावर टेकडीची सावली होती आणि गारवा होता. पात्रतेच्या सामन्याला खुर्चीवर पंच नसतो. चार-पाच कोर्टांमागे एक निरीक्षक फिरत असते, बाकी रेषा ज्याच्या त्याच्या. चेंडू उचलायलाही कोणी नसतं. पहिल्याच गेमला एक प्रकार झाला. पॉइंट संपला की दा-ओन धावत जाऊन चेंडू गोळा करी, रॅकेटवर ठेवून दोन्ही हातांनी जाळीवरून सुन-हेला देई. निरीक्षक बाई दुसऱ्या शहरातून आलेल्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या की हा सामना आहे, सेवा पुरे. दा-ओनने त्यांनाही वाकून नमस्कार केला.

मेंग सर आलेच नव्हते. ते स्वच्छतागृहामागे सिगारेट ओढत होते.

पहिल्या सेटमध्ये चुरस होती. मध्यावर सुन-हेचा एक चेंडू लांब गेला, चांगला वीतभर बाहेर. दा-ओनने तो सोडून दिला, थांबली, आणि आता आउट म्हणणार असं आम्हाला वाटलं. पण ती काही बोलली नाही. मान खाली घालून दुसऱ्या बाजूला चालू लागली, जणू पॉइंट गेला.

ओकने मला कोपर मारलं. “बाहेर होता ना?”

“होता.”

“मग?”

“मग काय. ताईंचा चेंडू.”

सुन-हे क्षणभर उभी राहिली. दा-ओनकडे पाहिलं, रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ केल्या आणि पुढची सर्व्हिस केली. बाहेरच्या चेंडूचा तो पॉइंट तिने ठेवून घेतला. सेटच्या शेवटी, अगदी मोक्याच्या वेळी, पुन्हा तेच झालं. चेंडू बाहेर, दा-ओन गप्प, सेट सुन-हेचा.

दोघी बाकावर येऊन बसल्या. मधे पंचाची रिकामी खुर्ची. निरीक्षक पलीकडच्या कोर्टावर होत्या. मी पाय मोकळे करत दोघींच्या मागेच आलो होतो, कुंपणाच्या अलीकडे. ऐकावं की निघून जावं ते मला कळेना, आणि कळेपर्यंत बोलणं सुरू झालं होतं.

सुन-हेने टॉवेलने तोंड पुसत विचारलं, “तो शेवटचा कुठे पडला गं?”

“दिसला नाही, ताई.”

“मला पलीकडून दिसला. तुझ्या पायाशी पडला, तुला नाही दिसला?”

दा-ओन बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

“पहिलाही बाहेर होता. तो मी घेतला. म्हटलं, हिला खरंच दिसला नसेल. असं समजणं मला सोयीचं होतं.” ती बाटलीतलं पाणी प्यायली. “सरावात मी म्हणेन ते. इथे नाही. तुझ्या बाजूचं तू सांगायचं.”

“तोंडातून निघतच नाही, ताई.”

“माझा शाम्पू संपवल्यावर तर बरं निघतं सगळं. नवा कधी आणणार म्हणून विचारतेस.”

दा-ओनला हसू आलं आणि रडूही येत असावं, कारण तिने टॉवेल तोंडावर धरला.

“हे बघ,” सुन-हे म्हणाली, “तुझ्याही बाजूचं मीच सांगायला लागले तर दोन्हीकडून मीच खेळतेय असं होईल. चौतिसाव्या वर्षी एवढा दम नाही माझ्यात. ताई म्हणून सांगतेय. हे माझं शेवटचं सांगणं समज. ऐकशील ना?”

“हो, ताई.”

सुन-हेने असं का केलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सेट हातात होता. गप्प राहिली असती तर सामनाही आला असता, आणि कोणी नाव ठेवलं नसतं. मला वाटतं, मंगळवारी आई येणार होती, आणि त्या दोन चेंडूंवरून चालत तिला आईसमोर जायचं नव्हतं. पण हा माझा अंदाज. तिने तसं कधी म्हटलं नाही.

दुसऱ्या सेटच्या सुरुवातीलाच सुन-हेचा एक चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला. दा-ओनचं बोट वर आलं, पण खांद्यापर्यंतच, आणि तेही वाकडं. ओठ हलले.

“ऐकू नाही आलं,” सुन-हे पलीकडून म्हणाली.

“आउट,” दा-ओन म्हणाली, आणि सवयीने वाकली.

“आता आलं. वाकू नकोस, वेळ जातो.”

त्यानंतर तिच्या फटक्यांत काहीतरी बदललं. मला खेळातलं बारीक कळत नाही. एवढंच दिसलं, की आतापर्यंत ती चेंडू सुन-हेच्या हातात नेऊन देत होती, आता तो तिच्यापासून दूर मारू लागली. सुन-हे धावत होती, परत करत होती, पुन्हा धावत होती. गुडघ्याची एक पट्टी सुटली, ती तिने ओढून काढून खिशात कोंबली. दुसरा सेट दा-ओनने घेतला.

एव्हाना मेंग सर आमच्यामागे येऊन उभे राहिले होते. अंगाला सिगारेटचा वास. “कोण जिंकतंय?” त्यांनी विचारलं.

“तुमची,” ओक म्हणाला.

“ते मलाही माहीत आहे हो.”

तिसरा सेट पूर्ण खेळत नाहीत. आधी दहा पॉइंट करील त्याचा सामना, मात्र दोनचा फरक हवा. दोघी बरोबरीने चालल्या होत्या. मग दा-ओनचे नऊ झाले, सुन-हेचे आठ. शेजारच्या कोर्टावर दोन परदेशी मुलं खेळत होती, त्यांचे बूट करकरत होते, तेवढाच आवाज.

तो पॉइंट बराच लांबला. सुन-हेने सगळं परत केलं. मग तिला कोण जाणे काय दिसलं, आयुष्यभर जे ती सहसा करत नसे ते तिने केलं: रेषेला धरून सरळ, जोरात फटका मारला. चेंडू माझ्या कोपऱ्यात आला. मी जिथे बसलो होतो तिथून रेषा चार पावलांवर. हार्ड कोर्टावर चेंडूची खूण राहत नाही. पण रेषेच्या रंगावर पडलेला चेंडू नुसत्या कोर्टावर पडलेल्या चेंडूसारखा उसळत नाही, जरा सरपटतो. हा सरपटला, म्हणजे रेषेवर, आतच पडला होता. दा-ओनची रॅकेट त्याच्या वरून गेली.

दा-ओन वळली. जागेकडे पाहिलं. बोट सरळ वर गेलं.

“आउट.”

आवाज स्वच्छ होता, आणि तिचे दहा झाले होते. तिला तो बाहेर दिसला होता, यात मला तेव्हाही शंका वाटली नाही आणि आजही नाही. एवढ्या वेगात, वळता वळता, कोणालाही तसं दिसू शकतं.

आता सुन-हेने काय करायचं? निरीक्षकांना बोलवायचा हक्क तिला होता. त्या आल्या असत्या, खूण नाहीच, म्हणून त्यांनी दा-ओनला एवढंच विचारलं असतं की नक्की का? पण निरीक्षकांचीही गरज नव्हती. सुन-हेने दा-ओनकडे नुसतं पाहिलं असतं, जरा जास्त वेळ, भुवई किंचित वर करून, तरी पुरे होतं. ते बोट खाली आलं असतं. दा-ओन म्हणाली असती, चुकले, ताई, आतच होता. हे मला माहीत होतं, मेंग सरांना माहीत होतं, आणि सुन-हेला तर सगळ्यांत जास्त माहीत होतं.

तिने वर पाहिलंच नाही. रॅकेटच्या तारांकडे बघत, एकेक तार बोटाने सरळ करत ती जाळीपर्यंत चालत आली. तिथे पोचल्यावर रॅकेट काखेत धरली, हात पुढे केला, आणि मगच मान वर केली. तेव्हा ती हसत होती.

दा-ओनने दोन्ही हातांनी तिचा हात धरला आणि इतकी वाकली की कपाळ जाळीला लागलं. सुन-हेने तिच्या टोपीवर टपली मारली.

“थोडासा बाहेर होता,” ओक माझ्या कानाशी म्हणाला. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं होतं. मेंग सर पुन्हा स्वच्छतागृहामागे गेले.

सगळे पांगल्यावर मी थर्मासमधला जवाचा चहा घेऊन सुन-हेकडे गेलो. ती बाकावर बसून दुसऱ्या गुडघ्याची पट्टी कात्रीने कापत होती. तिला सांत्वनाचं काहीतरी म्हणावं असं मनात होतं, पण मला तसं बोलता येत नाही. माझ्या तोंडून निघालं, “तो शेवटचा चेंडू...”

“काका, तुम्ही कोपऱ्यातच होतात ना?”

“हो.”

“मग विचारू नका ना.”

तिने चहा घेतला. तो संपवून म्हणाली की मंगळवारचं आईला ती स्वतःच सांगेल, मी आधी जाऊन काही बोलू नये. मी जेवायलाही गेलो नाही त्या दिवशी. आईने विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं आणि खरंही.

पुढचं थोडक्यात. महोत्सवानंतर सुन-हेने खेळ सोडला. आता ती गावातल्या प्राथमिक शाळेच्या मुलांना शिकवते, दुपारी तिघी-चौघींना घेऊन डेपोच्या मागच्या भिंतीवर सराव करताना दिसते. डेपोचे नवे ड्रायव्हर कुरकुर करतात, पण बस पुढे घेतात. तालुका कचेरीच्या संघात हल्ली सरावातही ज्याच्या बाजूला चेंडू पडेल तो सांगतो. हे कोणी ठरवलं असं विचारलं तर कोणी काही सांगत नाही. ते लोण आमच्या म्हाताऱ्यांच्या क्लबापर्यंतही आलं. ओकचं ऑपरेशन झालं आणि तो माझ्या चेंडूंना आउट म्हणू लागला. माझा खेळ फारच उतरला आहे.

पण मंगळवारचं सांगायचं राहिलं. मी मोठ्या कोर्टाच्या पायऱ्यांवर दा-ओनचा सामना बघायला बसलो होतो. सुन-हे खालच्या ओळीत, कचेरीच्या जाकिटात. सामना सुरू होता होता तिची आई आली. डोक्याला टोपी, हातात सफरचंदांची पिशवी. आयुष्यात पहिल्यांदाच तिथे आल्यामुळे ती चुकीच्या फाटकाने शिरली होती आणि खेळाडूंच्या मागून चालत आली. सुन-हे उठून उभी राहिली.

“आई, तू कशी काय?”

“मुळाच आला नाही, तर दुकान उघडून विकू काय?” आई बसता बसता म्हणाली. “आणि ती पोरगी तीन वर्षं माझ्याकडे जेवतेय. बघू तरी काय करते.”

समोर जपानची मुलगी होती, कांदा वेचून काढणारी ती हीच, असं आईने आम्हाला सांगितलं. आईला खेळ कळत नव्हता, पण लवकरच तिने कोणाचा चेंडू कुठे पडतो ते बघायला सुरुवात केली. एक चेंडू रेषेजवळ पडला. वर खुर्चीत बसलेल्या पंचाने आउट म्हटलं.

“म्हणजे तो सांगतो होय?” आईने विचारलं.

“इथे तो सांगतो.”

“काल तुमच्याकडे कोण होतं?”

“कोणी नाही. ज्याचं त्याने सांगायचं.”

आईने पिशवीतून सुरी काढली आणि सफरचंद सोलायला घेतलं. साल एकसंध निघत होतं. बस थांब्यावर आली की ड्रायव्हर जसा आपोआप वेग कमी करतो, तसा तिचा हात मधेच मंदावला.

“भाजीवाला म्हणत होता, शेवटचा चेंडू आत होता तुझा.”

मी भाजीवाल्याला काही सांगितलं नव्हतं. तो कुठे उभा होता कोण जाणे. मी पायऱ्यांच्या फटीतल्या गवताकडे पाहत राहिलो.

“मग म्हणायचं नाहीस आत होता म्हणून?” आई म्हणाली. “बोलायला काय झालं होतं?”

सुन-हे कोर्टाकडेच बघत होती. दा-ओनने सर्व्हिससाठी चेंडू हवेत उडवला होता.

“तो तिच्या बाजूला पडला होता, आई.”

आईने सफरचंदाची फोड कापली, सुरीच्या टोकावरच तिच्यापुढे धरली, आणि दुसरी मागे वळून मला दिली.